हौसेचा रंग

हौस हा मराठीतील मोठा गोड शब्द आहे. ती गरज नव्हे, कारण तिच्यावाचून माणसाचे अडत नाही. तो लोभही नव्हे, कारण तिच्यात साठवणुकीची भावना नसते. हौस म्हणजे जीव प्रसन्न असल्याची खूण होय. "हौसेला मोल नाही" असे जुनी माणसे म्हणत आली. परंतु मॉरिशसच्या भूमीवर उतरलेल्या पूर्वजांना हौसेचे मोल फार मोजावे लागले असते, म्हणून बहुतेकांनी ती मनातच ठेवली.

1834 पासून पुढे सुमारे 4,50,000 करारबद्ध मजूर भारतातून या बेटावर आले. त्यांत मुंबई बंदरातून गलबतावर चढलेले कोकणातील व घाटावरील मराठी लोकही होते. महिना 5 रुपये मजुरी, त्याबरोबर तांदूळ, डाळ, तेल, मीठ, आणि एक दिवस कामावर न गेल्यास दोन दिवसांची मजुरी कापण्याचा नियम, असा तो काळ होता. पोर्ट लुईसचे नाट्यगृह त्याच्याही आधी, 1822 साली, उघडले होते. तेथे फ्रान्सहून आलेल्या मंडळ्या संगीतिका करीत. मळेवाले आणि सरकारी अधिकारी यांची ती करमणूक होती. उसाच्या मळ्यातील बाई त्या इमारतीच्या दारावरून गेली असेल, तर डोक्यावर बोजा घेऊनच गेली असेल.

म्हणून नाटक त्यांना ठाऊक नव्हते असे मात्र नाही. दिवसभराचे काम आटोपल्यावर बैठकीच्या अंगणात मृदंग वाजू लागे. कोकणातील जाखडी येथे झाकरी झाली, पायांतील चाळ तेच राहिले. गणपतीच्या दिवसांत रात्र रात्र जागवली जाई. कोणी कृष्ण होई, कोणी राधा, आणि राधा होणाऱ्या पुरुषाच्या ओठांना कुंकवाचे बोट लागे. रंगभूमी आणि शृंगार ही दोन्ही सुखे मराठी माणसाच्या जीवनात अशी एकाच वाटीतून आली.

हे सर्व आठवण्याचे कारण, या बेटावरील मराठी घरांतून हल्ली ऐकू येणारी एक तक्रार. नव्या मुलींना नाटकांचे आणि नट्टापट्ट्याचे वेड लागले आहे, असे वडीलधारी माणसे म्हणतात. पंचविशीच्या आतबाहेर असलेली मुलगी महिन्याचा पगार हाती येताच एक तिकीट काढते आणि एक नवी डबी किंवा बाटली घरी आणते. हा पैसा फुकट जातो की काय, असा प्रश्न विचारला जातो. प्रश्न रास्त आहे, परंतु त्याचे उत्तर एका वाक्यात देता येणार नाही. एका घरातील तीन पिढ्यांकडे पाहिले तर ते अधिक स्पष्ट होईल.

घर व्हाकोआ भागातील आहे. नावे सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण अशी घरे अनेक आहेत. घरातील आजी 1960 नंतरच्या वर्षांत विशीत होती. पहाटे चारला उठून, हातापायांना कापड गुंडाळून, डोक्यावर गवती टोपी घालून ती ऊस तोडावयास जाई. तिचा शृंगार म्हणजे केसांना खोबरेल, दिव्याच्या काजळीचे तुपात मळलेले काजळ, आणि लग्नात मिळालेला पावडरीचा एक डबा. तो डबा तिने अनेक वर्षे पुरविला. लग्न, गणेशचतुर्थी आणि महाशिवरात्र एवढ्याच दिवशी त्याचे झाकण उघडे. पावडर संपली तेव्हा तिने त्यात सुया आणि दोरा ठेवला. तो डबा अद्याप तिच्या कपाटात आहे. नाट्यगृहाची पायरी तिने तरुणपणी कधी चढली नाही. रात्री परत यावयास बस नव्हती, आणि असती तरी "बाईमाणसाने रात्रीचे बाहेर कशाला जावे?" हा प्रश्न बसच्या आधी दारात उभा राहिला असता.

तिच्या मुलीचे, म्हणजे या घरातील आईचे, तारुण्य वेगळ्या काळात आले. 1970 साली निर्यात उद्योगांसाठी कायदा झाला. कपड्यांचे आणि लोकरी विणकामाचे कारखाने निघाले, आणि 1980 नंतरच्या दशकात हजारो मुली कामावर जाऊ लागल्या. 1977 पासून माध्यमिक शिक्षण विनामूल्य झाले होते, त्यामुळे त्यांपैकी अनेकींना चार अक्षरे अधिक येत होती. ही आई विणकामाच्या कारखान्यात लागली. वर्षअखेरीच्या जादा पगारातून तिने लाल रंगाची एक ओठकांडी विकत घेतली. कारखान्याच्या गाडीत मैत्रिणीच्या हातातील छोट्या आरशात पाहून ती ती लावी आणि संध्याकाळी घर जवळ आले की रुमालाने पुसून टाकी. तो रुमाल ती स्वतः धूत असे, दुसऱ्या कोणाला धुवू देत नसे. हे तिने आपल्या आईला कधी सांगितले नाही. आजीला ते ठाऊक होते, हे तिला पुष्कळ वर्षांनी कळले.

आणि आता नात. वय चोवीस, एबेन येथील एका कचेरीत हिशेबाचे काम. तिच्या वहीत तिच्या पगाराचे चार भाग लिहिलेले असतात: घर, बचत, प्रवास आणि हौस. हौसेचा भाग सर्वांत लहान आहे, परंतु तो कधी कोरा नसतो. 2022 पासून मेट्रो क्यूरपिपपर्यंत धावू लागल्याने पोर्ट लुईसला जाणे सोपे झाले. तेथील कोदां कलाकेंद्र 2018 च्या अखेरीस उघडले. व्हाकोआचे सर्ज कोन्स्तांतें नाट्यगृह तर घराजवळचेच. मोक्याला महात्मा गांधी संस्थेत प्रयोग असतात. क्रिओल, फ्रेंच, हिंदी, भोजपुरी, मराठी, जे लागेल ते ती पाहते. देव विरासामी यांनी शेक्सपिअरची नाटके क्रिओलमध्ये आणून या बेटाची बोली रंगमंचावर मानाने उभी केली. ती तिला विशेष प्रिय आहेत. नाटक पाहावयास जाण्यापूर्वीचा एक तास तिच्या दृष्टीने नाटकाचाच भाग असतो. आरशासमोर नवी डबी उघडते, एखादा रंग ओठांना लावून पाहिला जातो, पसंत न पडल्यास पुसला जातो. आजी दारातून पाहते आणि म्हणते, "पोरी, नाटक तुला पाहावयाचे आहे की दाखवावयाचे?"

हा विनोद असला तरी त्यात शहाणपण आहे. मराठी रंगभूमीच्या इतिहासात पाहणे आणि नटणे यांचा संबंध फार निकटचा आहे. नारायणराव राजहंस ऊर्फ बालगंधर्व (1888–1967) यांनी भामिनी, रुक्मिणी, सिंधू या भूमिका केल्या तेव्हा घरोघरीच्या स्त्रिया त्यांचे नेसणे, त्यांचा अंबाडा आणि त्यांचा गजरा यांचे अनुकरण करीत. पुरुषाने स्त्रीवेश घ्यावा आणि स्त्रियांनी त्यावरून नटणे शिकावे, हा त्या काळाचा एक चमत्कारच होता. परंतु ध्यानात ठेवण्याची गोष्ट दुसरी आहे. भरजरी शालू नेसणारा हाच नट 1919 सालच्या 'एकच प्याला' नाटकात सिंधूच्या भूमिकेत जुनेर नेसून उभा राही, आणि तेव्हाही प्रेक्षक त्याच्यावरून दृष्टी काढू शकत नसत. शृंगार भूमिकेसाठी असतो. भूमिका बदलली की तो बदलावा, आणि खेळ संपला की उतरावा.

पुढे 1933 साली मुंबईत नाट्यमन्वंतर या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक केले आणि त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. योगायोग असा की त्याच वर्षी मॉरिशसच्या रोझ हिल गावी प्लाझा नाट्यगृह सुरू झाले. दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. तरीही आज जी मराठी मुलगी या बेटावर स्वतःच्या चेहऱ्याने रंगमंचावर येते, तिच्या वाटेवरील या दोन खुणा आहेत असे म्हणता येईल.

रंगभूमी आणि शृंगारपेटी यांचे नाते सांगणारी आणखी एक गोष्ट या फ्रेंच बोलणाऱ्या बेटावर तरी सर्वांना ठाऊक असावी. 1952 साली टाटा उद्योगसमूहाने भारतात सौंदर्यप्रसाधनांची एक कंपनी काढली आणि तिचे नाव लॅक्मे ठेवले. हे नाव लिओ देलीब या फ्रेंच संगीतकाराच्या 1883 सालच्या संगीतिकेचे आहे. तिची नायिका एका ब्राह्मण पुजाऱ्याची कन्या असून लॅक्मे हे तिचे नाव म्हणजे 'लक्ष्मी' या शब्दाचे फ्रेंच रूप होय. याचा अर्थ असा की लक्ष्मी भारतातून पॅरिसच्या रंगमंचावर गेली आणि तेथून डबीवर बसून भारतात परत आली. या घरातील नातीने हे आजीला सांगितले तेव्हा आजीने ती डबी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि देव्हाऱ्याकडे पाहून हसली. त्या दिवसापासून तिची डब्यांविषयीची तक्रार थोडी कमी झाली.

येथपर्यंत सर्व गोड आहे. परंतु हौसेच्या वाटेवर एक खड्डा आहे, आणि या मुलीचा पाय त्यात पडला.

सांस्कृतिक मंत्रालयाच्या नाट्यमहोत्सवात मराठी नाटकेही होतात. गावोगावच्या मंडळ्या त्यांत भाग घेतात. एका वर्षी अशाच एका हौशी मंडळीने पौराणिक नाटक बसविले आणि या मुलीला नायिकेची भूमिका मिळाली. तिचे पाठांतर चांगले, उच्चार शुद्ध, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणारा. पहिल्या तालमीनंतर मंडळीतील कोणी सहज म्हणाले, "वर्ण जरा सावळा आहे, पण पावडरीने भागेल." बोलणारा बोलून गेला. मुलगी हसली. रात्री मात्र ती आरशासमोर नेहमीपेक्षा अधिक वेळ उभी राहिली.

पुढील आठवड्यात एका ओळखीच्या बाईकडून तिने एक डबी घेतली. डबीवर बनविणाऱ्याचे नाव नव्हते, घटकांची यादी नव्हती. पंधरा दिवसांत वर्ण उजळेल एवढे मात्र ठळक छापले होते. आणि वर्ण खरोखर उजळला. तिसऱ्या आठवड्यात गालांवर आग होऊ लागली. उन्हात पाच मिनिटे उभे राहिले तरी कातडी लाल होई. प्रयोगाला बारा दिवस उरले असताना आई तिला त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी ती डबी टेबलावर ठेवून घेतली, परत दिली नाही.

अशा नाव नसलेल्या डब्यांत काय असू शकते, हे सर्वांनी समजून घेण्यासारखे आहे. वर्ण उजळण्याचे आश्वासन देणाऱ्या काही लेपांत पारा असतो. पारा कातडीत रंगद्रव्य तयार होऊ देत नाही, परंतु तो अंगात मुरतो आणि मूत्रपिंडांना इजा करतो. 2017 साली अमलात आलेल्या मिनामाता करारान्वये पाऱ्याच्या अशा प्रसाधनांवर बंधने घालण्यात आली. 2023 मध्ये ती आणखी कडक झाली. तरीही चोरवाटेने असा माल फिरतोच. सोन्याचांदीच्या दागिन्यांना लेप लागू देऊ नये, अशी सूचना डबीवर असेल तर सावध व्हावे, कारण पारा सोन्याला खातो. काही लेपांत तीव्र स्टेरॉइड असते. त्याने प्रारंभी चेहरा नितळ दिसतो आणि पुढे कातडी पातळ होते. हायड्रोक्विनोन हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीवाचून वापरण्याचे नव्हे.

विषारी रंग ही काही आजचीच गोष्ट नाही. जुने नट तोंडाला मुरदाडशिंग फाशीत. ते शिशाचे संयुग होय. भेद इतकाच, की नट तो रंग रात्री धुऊन टाकी, आणि या मुलीने घेतलेला लेप धुऊन जाण्यासाठी बनविलेलाच नव्हता.

डॉक्टरांनी औषध दिले, ऊन टाळण्यास सांगितले आणि प्रयोगापर्यंत चेहऱ्याला नवे काहीही लावू नये अशी ताकीद दिली. आता चेहरा रंगवावयाचा कसा, असा प्रश्न उभा राहिला. भूमिका दुसरीला द्यावी, अशी कुजबुज सुरू झाली. मुलीने स्वतःच "मी सोडते" असे म्हटले, आणि दोन दिवस ती तालमीला गेली नाही.

तिसऱ्या दिवशी आजीने तिला आपल्याजवळ बसविले. "मी उसात असताना माझे तोंड कोणी पाहिले नाही," ती म्हणाली. "टोपी आणि फडके, त्यातून दोन डोळे दिसत. तुझ्या आईने रंग लावला आणि पुसला, तो माझ्या भयाने. तू भिऊन लावू नकोस आणि भिऊन पुसूही नकोस. लोकांना तुझे बोलणे ऐकावयाचे आहे." आई स्वयंपाकघरातून हे ऐकत होती. ती काही बोलली नाही, परंतु रात्री तिने मुलीची संहिता हातात घेतली आणि समोरच्या पात्राची वाक्ये स्वतः वाचून तालीम घेतली.

प्रयोगाच्या रात्री रंगपटात रंगभूषा करणारे वृद्ध गृहस्थ होते. त्यांना सर्वजण काका म्हणत. त्यांनी मुलीचा चेहरा दिव्याखाली पाहिला आणि पांढऱ्या रंगाची डबी बाजूला ठेवली. "बाळ, तोंड पांढरे केले की झोताखाली ते सपाट दिसते," ते म्हणाले, "आणि हात व मान वेगळ्याच माणसाची वाटते. शेवटच्या रांगेला गाल दिसत नाहीत, डोळे दिसतात." डॉक्टरांनी परवानगी दिलेले साधे मलम आणि मुलीचे रोजचेच काजळ त्यांनी ठळक लावले. कपाळावर मोठे कुंकू रेखले आणि ओठांना तिच्याच पेटीतील, पूर्वी अनेकदा वापरलेला गडद रंग दिला. त्या रात्री नायिका सावळी होती. पडदा पडला तेव्हा तिच्या वर्णाविषयी कोणी काही बोलल्याचे ऐकिवात नाही. तिसऱ्या अंकातील तिच्या स्वगताविषयी मात्र लोक बसथांब्यापर्यंत बोलत गेले. आजी पुढच्या रांगेत बसली होती. नाट्यगृहात येण्याची तिची ती पहिलीच वेळ होती.

या प्रसंगावरून शृंगार वाईट, असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. ती मुलगी अजूनही नव्या डब्या घेते आणि आनंदाने वापरून पाहते. तिने फक्त आपले नियम ठरविले आहेत, आणि ते इतरांच्याही उपयोगी पडतील. बनविणाऱ्याचे नाव आणि घटकांची यादी नसलेली वस्तू ती घरात आणीत नाही. एका वेळी एकच नवी वस्तू वापरते, म्हणजे त्रास झाल्यास कारण कळते. प्रथम ती कोपराच्या आतील बाजूस थोडी लावून दोन दिवस वाट पाहते. केसांच्या रंगाबाबत तर हे कधीच चुकवीत नाही. डबीवर उघड्या झाकणाचे चित्र आणि त्यात 6 किंवा 12 असा आकडा असतो. उघडल्यापासून तितक्या महिन्यांत ती संपवावी असा त्याचा अर्थ. डोळ्यांचे काजळ ती मैत्रिणीलाही देत नाही. हे बेट 20 अंश दक्षिण अक्षांशावर आहे, येथील उन्हाळ्याचे ऊन प्रखर असते, म्हणून उन्हापासून रक्षण करणारा लेप ती रोज लावते. आजीची गवती टोपी तेच काम करीत होती, असे ती म्हणते. आणि वर्ण बदलण्याचे आश्वासन देणारी वस्तू ती दुकानातच ठेवते. 1975 साली भारतात निघालेल्या एका प्रसिद्ध मलमाने 2020 मध्ये आपल्या नावातील 'फेअर' हा शब्द काढून टाकला. बाजारालाही लाज वाटू लागली, मग घरांनी तोच शब्द मुलींच्या कानांत का घालावा?

हौस आणि न्यूनभाव यांची डबी बाहेरून एकसारखी दिसते. दोन्हींची किंमत सारखीच असेल. एक उघडताना मुलगी गुणगुणते, आणि दुसरी उघडताना ती दार लावून घेते. घरातील माणसांनी हिशेब ठेवावयाचा असेल तर पैशांपेक्षा या गुणगुणण्याचा ठेवावा.

नाटकाची गोडी लागलेल्या मुलीला घरून विरोध होतो, त्यामागे बहुधा काळजी असते. बसगाड्या लवकर बंद होतात, रात्रीचा रस्ता सुना असतो, ही काळजी खरी आहे. तिच्यावर उपाय मुलीला घरी बसविणे हा नव्हे. प्रत्येक गावच्या मंडळीने महोत्सवाच्या रात्री एक गाडी ठरवावी, ती प्रयोग संपेपर्यंत थांबावी आणि मुलींना दारापर्यंत पोहोचवावे. त्या गाडीत आजींसाठीही जागा असावी. मंडळीच्या सभागृहात तालमीच्या वेळी एक मोठा आरसा व त्यावर चांगला दिवा लावावा, आणि मुलांमुलींना रंगभूषा शिकविण्यास एखाद्या जाणत्या माणसास बोलवावे. खर्च थोडा आहे. पूर्वजांना जे सुख अंगणात, कामाच्या थकव्यातून चोरून घ्यावे लागले, ते त्यांच्या पणतींना उजेडात मिळावे, एवढ्यासाठी तो करण्याजोगा आहे.